शहराच्या गर्दीत सुझोऊ आणि क्योटोच्या बागा कशा बसतात

प्रश्न असा आलाय: "मॅडम, मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, थीसिसला शहरातल्या पारंपरिक चायनीज आणि जॅपनीज बागा हा विषय घेतलाय. गाइड म्हणतात दोन्ही जवळपास एकच. आजूबाजूला टॉवर उभे राहिल्यावर अशा बागेला अर्थ काय उरतो? आणि आपल्याकडे टेरेसवर हे जमेल का? पुढच्या वर्षी सुझोऊ आणि क्योटो बघायला जायचंय, काय बघू?"

मी वीसेक वर्षं लँडस्केपचंच काम करतेय, त्यातली दोन वर्षं क्योटोत एका म्हाताऱ्या माळ्याच्या हाताखाली काढली, आणि सुझोऊला चार वेळा जाऊन राहिले. वेळ काढून वाच, उत्तर मोठं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकते. आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की या बागा म्हणजे कुठेतरी डोंगरात, धबधब्याशेजारी, शांत ठिकाणी असणार. चीनमधल्या सुझोऊच्या बागा ऐन शहरात आहेत गं, गल्लीबोळात, शेजारच्या घराच्या भिंतीला भिंत लावून. नोकरीतून बाहेर पडलेले किंवा बाहेर काढलेले सरकारी अधिकारी, व्यापारी, अशा लोकांनी आपल्या राहत्या घराला जोडून त्या केल्या, कारण डोंगरात जाऊन राहणं परवडत नव्हतं किंवा जमत नव्हतं आणि शहर सुटत नव्हतं. म्हणजे जागा कमी, शेजारी जवळ, भिंत उंच, हा तुझा आजचा शहरी प्रॉब्लेम या बागांना पहिल्या दिवसापासून आहे. तो सोडवता सोडवताच त्यांचं सगळं शास्त्र तयार झालं. म्हणून थीसिसमध्ये "पारंपरिक बाग शहरात कशी आणायची" असा प्रश्न मांडू नकोस, ती शहरातच जन्मली आहे.

उदाहरण म्हणून सुझोऊची वांगशी युआन ही बाग घे. नावाचा अर्थ जाळीवाला, म्हणजे कोळी. घर धरून सगळी मिळून सुमारे ५,४०० चौरस मीटर, आपल्या हिशोबात ५३-५४ गुंठे, आणि मधलं तळं जेमतेम २० मीटर लांबरुंद. आपल्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांचं पार्किंग याच्यापेक्षा मोठं असतं. पण काठावर उभं राहिलं की पाणी संपतंय असं कुठेच वाटत नाही. का, ते मी पहिल्या वेळी दोन तास बसून शोधलं. तळ्याचे समोरासमोरचे दोन कोपरे शेपटीसारखे आत ओढून घेतलेत, आग्नेयेच्या शेपटीवर एक एवढासा दगडी पूल टाकलाय की तीन-चार पावलांत संपतो, आणि पुलापलीकडे पाण्याचं तोंड दगडांत लपवलंय, त्यामुळे डोळा समजतो की तिकडून ओढा येतोय. पूल मुद्दाम छोटा, कारण पूल मोठा केला असता तर तळं लगेच डबकं दिसलं असतं. मोठी दालनं पाण्यापासून मागे सरकवलीत, त्यांच्यापुढे दगडांची रास किंवा झाडं, आणि ऐन काठावर फक्त बुटक्या, हलक्या गोष्टी. आता हे सगळं काय आहे? झाडांची यादी नाही, दिवे नाहीत, मूर्ती नाहीत. माणूस कुठे उभा राहणार आणि तिथून त्याला काय दिसणार नाही, हे आधी ठरवलंय. माझ्या मते चीन आणि जपान दोन्हीकडचं सगळं डिझाइन या एका गोष्टीवर उभं आहे, बाकी सगळं नंतर येतं.

लिऊ युआनचं प्रवेशद्वार तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला काढायला लावते. ही बाग साधारण २.३ हेक्टरची, पण रस्त्यावरून आत शिरायची वाट दोन घरांच्या मधल्या फटीतून जाते, अरुंद, वळणावळणाची, वर मधेच एखादा उजेडाचा चौकोन, पुन्हा अंधार. या बोळातून चालताना डोळे अंधाराला आणि कमी जागेला सरावतात, रस्त्यावरचा आवाज मागे राहतो, आणि मग जाळीच्या खिडक्यांतून पहिल्यांदा हिरवं दिसतं, तुकड्या-तुकड्यांनी. त्यानंतर एकदम तळं. तळं आहे तेवढंच आहे, पण त्या बोळामुळे ते दुप्पट वाटतं. जागेची अडचण होती, दोन्ही बाजूंना घरं, ती फट टाळता येत नव्हती, तर तिचाच उपयोग केला. आपण काय करतो, गेटमधून सगळी बाग एका नजरेत दिसली पाहिजे असा हट्ट धरतो, आणि मग आत जायचं कारणच उरत नाही.

छांगलांग तिंग ही तिथली फार जुनी बाग, मुळं अकराव्या शतकातली, तिचं वेगळेपण असं की पाणी बागेच्या आत नाही, बाहेर आहे. शहराचा कालवा शेजारून जातो. मग काठाने दुहेरी ओसरी काढली, मधे एक भिंत, भिंतीला जाळीच्या खिडक्या. बाहेरच्या ओसरीत चालशील तर पाणी, आतल्या ओसरीत चालशील तर टेकडी आणि झाडी, आणि भिंतीतून दोन्ही एकमेकांत झिरपतात. बागेत अशा १०८ खिडक्या मोजतात, प्रत्येकीची नक्षी वेगळी. सार्वजनिक कालवा आणि खाजगी बाग यांच्यामधली हद्द इतकी सुंदर सोडवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. मुंबई-पुण्यात नाल्याकडे आपण कंपाउंड वॉल आणि पाठ करून बसतो, तेव्हा मला ही भिंत हमखास आठवते.

भिंतीवरून आठवलं. १६३१ मध्ये जी चेंग नावाच्या बाग करणाऱ्याने "युआन ये" हा ग्रंथ लिहून पूर्ण केला, त्यात तो म्हणतो की पांढरी भिंत हा कागद समजायचा आणि दगडांनी त्यावर चित्र काढायचं. सुझोऊत प्रत्येक छोट्या चौकात हे दिसतं, चुन्याची भिंत, पुढे दोन ताइहू दगड, एक बांबूचं बेट, बस. दुपारी सावली भिंतीवर पडते आणि चित्र हलायला लागतं. ताइहू दगड म्हणजे ताइहू सरोवराच्या पाण्याने खाऊन भोकं पडलेला चुनखडीचा दगड. तो निवडताना बघायच्या चार गोष्टी ठरलेल्या आहेत, बारीक अंगकाठी, सुरकुत्या, पाणी वाहून जाईल अशा वाटा, आणि आरपार भोकं. लिऊ युआनमधला सगळ्यात प्रसिद्ध दगड साडेसहा मीटर उंच आहे. सुझोऊत गेलीस की आर्किटेक्ट आय. एम. पेई यांचं सुझोऊ म्युझियम सोडू नकोस, २००६ मध्ये उघडलं, झुओझेंग युआन या मोठ्या बागेला अगदी चिकटून. पेईंच्या घराण्याकडे शिझीलिन ही बाग होती, लहानपणी सुट्टीत ते तिथे असायचे. म्युझियममध्ये त्यांनी शेजारच्या बागेची सामाईक भिंत कागद म्हणून वापरली आणि पुढे ताइहूऐवजी कापलेले दगड ओळीने उभे केले, मागचे फिकट, पुढचे गडद, पाण्यापलीकडे डोंगररांगा उभ्या राहतात. जुन्या बागेची एकही वस्तू कॉपी केलेली नाही, पण डोकं तेच. थीसिससाठी तुला याच्यापेक्षा चांगली केस स्टडी मिळणार नाही.

आता गाइडचं म्हणणं. मूळ एक आहे हे खरं. जपानने चीनकडून भरपूर घेतलं आणि ते लपवलंही नाही. टोकियोतली कोइशिकावा कोराकुएन बाग १६२९ मध्ये सुरू झाली, तिच्यात चीनमधून आलेल्या झू शुनशुई या विद्वानाचा सल्ला घेतला, हांगझोऊच्या पश्चिम सरोवरावरचा बांध तिथे छोटा करून मांडलाय, गोल कमानीचा पूल आहे जो पाण्यातल्या प्रतिबिंबासकट पौर्णिमेच्या चंद्रासारखा दिसतो. आणि कोराकुएन हे नाव? चीनच्या सोंग राजवटीच्या काळातल्या फान झोंगयान या सुझोऊच्या माणसाच्या वचनातून आलंय, की राज्यकर्त्याने जगाच्या आधी चिंता करावी आणि जगाच्या नंतर सुख भोगावं. "नंतरचं सुख" म्हणजे कोराकु. ओकायामाच्या कोराकुएनलाही १८७१ मध्ये याच वचनावरून हे नाव मिळालं, आणि सिंहगड रोडवरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच ओकायामाच्या बागेवरून केलेलं आहे. म्हणजे सुझोऊचा एक माणूस, दोन जपानी बागा आणि पुणे, एका धाग्यात. तुझ्या पहिल्या चॅप्टरला हे घे.

पण एकच नाहीत. चिनी बाग राहण्यासाठी असते. तिच्यात इमारत आधी, झाड नंतर. मित्र यायचे, कविता व्हायच्या, नाटकातली गाणी व्हायची, प्रत्येक दालनाला नाव, खांबांवर जोडओळी कोरलेल्या, आणि ते वाचल्याशिवाय समोरचं दृश्य अर्धंच कळतं. झुओझेंग युआनमध्ये पाऊस ऐकायचं एक दालन आहे, बाहेर केळी लावल्यात, पाण्यात कमळं, आणि पाऊस पानांवर पडला की दोन्हींचा आवाज वेगळा. कोकणात ज्याने परसातल्या केळीवर पाऊस ऐकलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चिनी बागेत तू सतत फिरतेस, वळतेस, आत-बाहेर होतेस, आणि गर्दी मुळातच गृहीत धरलेली आहे.

जपानी बाग, निदान क्योटोतली शहरातली, जास्त करून काढून टाकत जाते. रिओआनजी या देवळातलं दगडांचं अंगण साधारण २५ मीटर बाय १० मीटर, म्हणजे अडीच गुंठे. १५ दगड, पांढरी खडी, दगडांच्या बुडाशी थोडं शेवाळ, पलीकडे मातीची जुनी भिंत, झालं. ओसरीवर कुठेही बस, १५ दगड एकदम दिसत नाहीत, एखादा कुठेतरी मागे लपतोच. हे फिरायचं नाही, बसून बघायचं. अडीच गुंठ्यांत तुमच्याकडचा लँडस्केप कॉन्ट्रॅक्टर लॉन, कारंजं, गझिबो आणि बेंच बसवून देईल, तिथे एवढंच आहे आणि पाचशे वर्षांनीही माणसं तासन्‌तास बसतात.

आणि सगळ्यात शहरी जपानी बाग म्हणजे त्सुबोनिवा. क्योटोतली जुनी व्यापाऱ्यांची घरं रस्त्यावर अरुंद आणि आत लांबच लांब, त्याला ते ईल माशाचं अंथरूण म्हणतात. अशा घरात मधे उजेड आणि वारा कुठून येणार, म्हणून मधे एक-दोन छोटे चौक सोडायचे. त्सुबो म्हणजे ३.३ चौरस मीटर, दोन चटयांएवढी जागा. काही चौक खरंच तेवढेच असतात. पुण्याच्या वाड्यात वाढलेल्याला हा चौक लगेच ओळखू येईल, काम तेच, हवा खेळवणं. दोन चौक असतील तर एकावर पाणी शिंपायचं, तो गार होतो, दुसरा उन्हात तापतो, आणि मधल्या खोलीतून वारा सरकतो. त्यात एक दगडी कुंडी, एक दिवा, दोन फर्न, एखादं सावलीत जगणारं झाड. यात दिखावा काही नाही. आमच्या माळ्याकडे अशी सातआठ घरं होती, मला ती मोठ्या देवळांपेक्षा जास्त शिकवून गेली.

त्या माळ्याची एक सवय सांगते. पहिले चार महिने मी फक्त शेवाळावरची पानं वेचली आणि झाडलं. नंतर कात्री मिळाली. पण तो स्वतः दर दहा-पंधरा मिनिटांनी तीन पायांच्या शिडीवरून उतरायचा, हातपाय धुऊन घरात जायचा, पाहुणा जिथे बसतो त्या चटईवर बसायचा, बघायचा, आणि परत येऊन एक फांदी काढायचा. एक फांदी. झाडाजवळ उभं राहून झाड कापायचंच नाही, कारण ते तिथून कुणी बघत नाही. त्याचं छाटणं पण असं की झाड छोटं केलंय हे कळत नाही, आतून विरळ करतो, उजेड खालच्या शेवाळापर्यंत पोचतो, आणि मागची शेजाऱ्याची एसीची पेटी तेवढी झाकलेली राहते. पाइनचे वसंतात कोंब खुडायचे, हिवाळ्याआधी जुन्या सुया हाताने काढायच्या, दरवर्षी, न चुकता. म्हणून मी म्हणते की मेंटेनन्स हा ड्रॉइंगचा भाग आहे. माळ्याचा वार्षिक खर्च आधी ठरवा, मग बाग काढा. आपल्याकडे उलटं होतं, उद्घाटनाच्या दिवशी बाग सगळ्यात छान असते आणि तिथून उतरत जाते.

चालण्याबद्दल एक. चहाघराकडे जाणाऱ्या वाटेवर सुटे दगड टाकतात. रिक्यू या चहाच्या आचार्याचं मत असं सांगतात की त्यात सहा भाग चालायला सोयीचे हवेत आणि चार भाग दिसायला, त्याच्या शिष्याने, ओरिबेने, ते उलट केलं. पण खरी गंमत पायाखाली आहे. दगड ओबडधोबड आणि जवळजवळ असले की माणूस खाली बघतो. मग एक मोठा सपाट दगड येतो, पाय स्थिरावतात, मान आपोआप वर होते, आणि नेमकं तिथेच दाखवायचं ते दाखवलेलं असतं. दहा फुटांच्या पॅसेजमध्ये पण हे करता येतं. मी केलंय, चालतं.

आता टॉवरचा प्रश्न, हा खरा अवघड. दोन्ही परंपरांत "उसनं दृश्य" असतं, चिनीत जिएजिंग, जपानीत शाक्केई, लिहायची अक्षरं तीच. बागेबाहेरचा डोंगर किंवा मनोरा आपल्या चित्रात ओढून घ्यायचा. झुओझेंग युआनमध्ये तळ्याच्या टोकाला उत्तर मंदिराचा पॅगोडा दिसतो, ७६ मीटर उंच, आणि तो एक किलोमीटरपेक्षा लांब आहे, बागेचा नाहीच. क्योटोच्या एन्त्सूजी देवळात बुटकी कुंपणाची झाडी, सुरूसारखे सरळ खोड असलेले सीडर, आणि त्यांच्या चौकटीत हिएइ पर्वत. उसनं घेतलेलं परत जाऊ शकतं, हा यातला धोका. मधे एक दहा मजली इमारत आली की बाग संपली. क्योटोने यावर २००७ मध्ये नवा नियम आणला, मध्यवर्ती भागातली उंचीची मर्यादा ४५ मीटरवरून ३१ वर आणली आणि ठरावीक ठिकाणांहून दिसणारी दृश्यं कायद्याने जपली. लक्षात घे, बाग वाचवायला बागेच्या भिंतीबाहेर कायदा करावा लागला. माळी कितीही चांगला असला तरी हे त्याच्या हातात नाही, हे टाउन प्लॅनिंगचं काम आहे.

टोकियोत ते झालं नाही. कोइशिकावात झाडांच्या वरून टोकियो डोमचं पांढरं छप्पर डोकावतं, मला ते आजही खुपतं. पण हामा-रिक्यू बघ. शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याची जुनी बाग, तळं खाऱ्या पाण्याचं, दारं उघड-बंद करून भरती-ओहोटीबरोबर पाणी चढतं-उतरतं, आणि मागे शिओदोमेच्या काचेच्या इमारतींची भिंत. तिथे मला त्रास होत नाही. बाग मोठी आहे हे एक, पण मुख्य म्हणजे तिचा आधार बाहेरच्या डोंगरावर नाही, समुद्रावर आहे, आणि तो तुटलेला नाही. क्योटोतली मुरिन-आन ही बाग पाण्याच्या बाबतीत अशीच काहीशी. १८९४ ते १८९६ मध्ये माळी घराण्यातले सातवे ओगावा जिहेई यांनी केलेली, जेमतेम ३१ गुंठे, बिवा सरोवराच्या कालव्याचं पाणी उथळ ओढ्यासारखं खळखळत आणलंय, तो कालवा तेव्हा अगदी नवीन इंजिनिअरिंग होतं. दोन्ही बाजूंच्या झाडांनी रस्ते आणि इमारती झाकतात, मधे हिगाशियामा डोंगर मोकळा ठेवतात. पु. ल. उद्यानातही कालव्याचं पाणी आत घेऊन बागभर खेळवलंय. तिथे जाशील तेव्हा फोटोच्या पुलावर थांबू नकोस, पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर जातं तेवढं चालत शोध.

टेरेसबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १९८१ मध्ये वांगशी युआनमधल्या एका छोट्या चौकावरून अंगण केलंय, सुझोऊच्या कारागिरांनी, आणि ते चक्क दुसऱ्या मजल्यावर आहे. म्हणजे होतं. पण आपल्या घराच्या गच्चीचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला १५० किलो वापराच्या वजनासाठी धरलेला असतो. ओली माती फक्त १० सेंटिमीटर पसरलीस तरी तेवढं वजन भरतं. आणि बसाल्टचा एक घनमीटर पावणेतीन-तीन टनांच्या आसपास जातो. एका घरी माझ्या आधीच्या ठेकेदाराने स्लॅबच्या मधोमध दगडांची टेकडी रचली होती, खालच्या बेडरूमच्या छताला तडे गेले, सगळं क्रेनने उतरवावं लागलं, घरातली आजी महिनाभर त्या खोलीत झोपली नाही. आरसीसी कन्सल्टंटच्या सहीशिवाय एक पण दगड वर चढवायचा नाही, आणि चढवला तर बीम किंवा कॉलमच्या डोक्यावर, वॉटरप्रूफिंग तपासून.

आणि शेवाळ विसर. क्योटोचं शेवाळ तिथल्या दमट हवेचं आहे, पुण्याच्या एप्रिलमध्ये ते आठवडाभर टिकत नाही. जपानी मेपलचं पण तेच, उगाच झाडाचे हाल. मधुकामिनी कात्रीला छान ऐकते, बांबू आहे, फर्न सावलीत आहेत, आणि दगड आपला काळा बसाल्ट घे, दगड बाहेरून आणू नकोस. दगडाचा एक तृतीयांश भाग तरी मातीत गेला पाहिजे, नाहीतर तो ठेवल्यासारखा दिसतो, उगवल्यासारखा नाही. अकराव्या शतकातल्या "साकुतेइकी" या जपानी ग्रंथात सांगितलंय की आधी मुख्य दगड बसवा आणि मग तो जे मागेल तसे बाकीचे बसवा. ऐकायला गूढ वाटतं, पण साइटवर क्रेन लावून तास-तास उभं राहिलं की कळतं की हे अगदी व्यवहाराचं वाक्य आहे. सिमेंटचा लाल पूल, हसरा बुद्ध आणि प्लास्टिकचा बांबू यातलं काहीही विकत घ्यायची गरज नाही.

जाशील तेव्हा वांगशी युआनला सकाळी दार उघडल्या उघडल्या आत जा, साडेनऊनंतर झेंडेवाले ग्रुप येतात आणि त्या इवल्याशा पुलावर रांग लागते. पहिल्या दिवशी प्लॅन काढू नकोस. एका जागी बस, जे दिसत नाही त्याची यादी कर, मग उठून ते शोधून काढ आणि कशाने झाकलंय ते मोजून लिही, भिंतीची उंची, झाडाची उंची, तुझ्यापासूनचं अंतर. मुरिन-आनला चटईवर बसल्यावर तुझे डोळे जमिनीपासून किती सेंटिमीटरवर आहेत ते टेपने मोज, आणि पहिला सेक्शन त्या रेषेवरून काढायला घे.